बाबांच्या सोवळ्यातला जंतू

कोसा, म्हणजे आमच्याकडचं टसर रेशीम, काय चीज आहे हे रायपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. गोल बाजारात कापडाच्या दुकानाची पायरी चढा, भैया आधी कोशाचं ठाण समोर उलगडतो आणि मग विचारतो काय दाखवू. सुंदरच असतं ते कापड. पण त्याचा धागा कसा निघतो हे मी एकदा एका गावात जाऊन डोळ्यांनी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. रेशमाच्या किड्याचं ते कवच सुपारीसारखं टणक असतं. सोडा घातलेल्या पाण्यात ते रटरट उकळतात, तेव्हा कुठे त्यातला डिंक सुटतो आणि धागा मोकळा होतो. धागा काढणाऱ्या बायांचे हात सारखे त्या पाण्यात. बोटांची सालं निघालेली, नखं पिवळी पडलेली. मी तोंडाचा आ करून बघत राहिले, तर त्यातली एक हसून म्हणाली, "हव दीदी, आदत हो गे हे." तिच्या त्या हसण्याचा मला इतका राग आला की काय सांगू!

तेव्हापासून मी त्या डिंकाच्या मागे लागले. मी जंतूंवर काम करणारी बाई. जंतू आपल्या पोटासाठी एन्झाइम बनवतात. म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, जे समोरची वस्तू कापतं, विरघळवतं आणि स्वतः मात्र होतं तसंच राहतं. कोशाचा डिंकही प्रथिनच. तो डिंक खाणारं आणि धाग्याला धक्का न लावणारं एन्झाइम मिळालं, तर सोडाही नको आणि ते सोललेले हातही नकोत. ऐकायला किती सोपं! सरगुज्याच्या गरम कुंडातला चिखल आणला. राइस मिलच्या मागचं आंबलेलं पाणी आणलं. कोंबडीवाल्यांच्या दुकानामागे पिसांचे ढीग पडतात, तिथली माती नाक दाबून भरून आणली. जंतू ढिगानं सापडले, एन्झाइमही सापडलं, पण गरम केलं की मेलं, साबणाच्या पाण्यात घातलं की मेलं. प्रथिन म्हणजे दुव्यांची साखळीच, आम्ही तिच्यातला एखादा दुवा बदलून त्याला दणकट करायला बघायचो. मग ते जगायचं, पण डिंक सोडून धागाच खायला लागायचं. शेवटी प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या समितीनं तोंडावर सांगितलं, पुढच्या बैठकीत टिकाऊ एन्झाइम दाखवा, नाहीतर प्रोजेक्ट बंद.

बंद म्हणजे बंदच. नव्या रायपूरच्या त्या लांबलचक रस्त्यांवरून मी रोज गाडी हाणत घरी यायचे आणि येताना एकटीच मोठमोठ्यानं भांडायचे, समितीशी, एन्झाइमशी, देवाशी. रस्ता रिकामा, ऐकायला कोणी नाही.

देवाचं खातं आमच्याकडे बाबांकडे. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि देवघरात जॉइन झाले, असं आई म्हणते. मी त्यांच्यासोबतच बूढापारा मोहल्ल्यात राहते. सकाळी तलावाला फेरी, मग आंघोळ, मग कोशाचं सोवळं नेसून पूजा, आणि पूजा अशी लांब की आमचा दुसरा चहाही होऊन जातो. त्या सोवळ्याचे कायदे सरकारपेक्षा कडक. त्याला साबण लागता कामा नये, कारण साबणात चरबी असते. कामवाल्या बाईचा हात लागता कामा नये. दर आठवड्याला आईनं आंघोळ करून ते गच्चीवर न्यायचं, नुसत्या पाण्यात खळबळायचं, पिळायचं आणि काठीनं उंच दोरीवर टाकायचं. मी लहान होते तेव्हापासून हे असंच.

एका सकाळी पूजा आटोपून बाबा मांडीवरून हात फिरवत म्हणाले, "पोट्टे, हे पाह्य ना. नवीन होतं तेव्हा असं टोचे की बसवत नव्हतं. आता कसं लोण्यासारखं झालं! आपल्या घरच्या पाण्याचा गुण आहे हा."

माझा चहाचा कप तोंडापर्यंत गेलेला तिथेच थांबला. घरच्या पाण्याचा गुण? नळाला येतं ते पाणी? नुसत्या पाण्यानं कोसा जन्मात मऊ होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं! साबण नाही, सोडा नाही, उकळणं नाही, तरी डिंक गेला. म्हणजे कोणीतरी तो खात होतं. त्या कापडात कोणीतरी राहत होतं. अरे देवा! मी अख्ख्या छत्तीसगडचा चिखल तुडवत फिरून राहिले होते आणि माझा जंतू आमच्याच गच्चीवर वाळत होता!

"बाबा, मला त्यातला एक धागा द्या," मी झेप घेतली.

"शिवू नको!" बाबा मागे सरकले. मग मी काय म्हणते ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. दुसऱ्या दिवशी पूजेआधी त्यांनी स्वतः चिमट्यानं काठाचे धागे ओढून काढले आणि मी धरलेल्या नळीत वरून सोडले. नळीच्या तोंडाला त्यांचा हात लागला नाही, धाग्याला माझा लागला नाही. माझ्या विद्यार्थ्यांना हे शिकवता शिकवता माझा घसा बसतो. बाबा म्हणाले, "यात काय शिकायचं? हे तर सोवळंच झालं."

आमची परीक्षा साधी असते. दुधाच्या पांढऱ्या जेलीची बशी घ्यायची. प्रथिन खाणारं एन्झाइम त्यावर ठेवलं की पांढऱ्यात काचेसारखं स्वच्छ गोल भोक दिसायला लागतं. मी एका बशीत बाबांचा धागा ठेवला आणि दुसरीत गोल बाजारातून आणलेल्या नव्या कोशाचा. सकाळी जाऊन पाहते तर नवा धागा जसाच्या तसा, आणि बाबांच्या धाग्याभोवती पार बशीच्या काठापर्यंत स्वच्छ! मी किंचाळलेच. बाजूच्या लॅबमधले लोक धावत आले, त्यांना वाटलं आग लागली.

मग गरम पाणी दाखवलं. टिकलं. सोड्याचं पाणी दाखवलं. टिकलं. साबण घातला, तरी टिकलं. ब्लीच घातलं आणि मी डोळे मिटून घेतले, कारण ब्लीचपुढे आमचं एकही एन्झाइम आजवर उभं राहिलं नव्हतं. डोळे उघडले तर हे बेटं काम करून राहिलं होतं. इतकी वर्षं जे हातानं घडवता आलं नाही, ते कुणीतरी फुकटात घडवून माझ्या घरात आणून ठेवलं होतं.

एकच गोष्ट होत नव्हती. जंतू काही सापडत नव्हता. माझी विद्यार्थिनी रायपूरचीच मराठी मुलगी. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. ती रोज बशा घेऊन यायची आणि म्हणायची, "मॅडम, कॉलनी तो आई ही नहीं." म्हणजे एन्झाइम आहे, पण ते बनवणारा जंतू वाढतच नाही.

"लाजाळू असेल," मी म्हणायची. "प्रत्येक जंतू काय तुझ्या बशीत येऊन बसणार आहे? खायला दुसरं देऊन पाह्य."

"मॅडम, सब देके देखा."

"मग पुन्हा दे!" मी खेकसायची. ती बिचारी बशा उचलून निघून जायची. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

इकडे बाबांनी कहर केला. मी फक्त "बरं दिसून राहिलं" एवढंच म्हटलं होतं, तेवढ्यावर त्यांनी आमच्या मराठी मंडळात जाऊन जाहीर केलं की त्यांच्या सोवळ्याच्या पावित्र्यातून एक नवा जंतू जन्माला आला आहे आणि त्यानं आता कोशाचा धंदा बदलणार आहे. मंडळाचे लोकही थोर! त्यांनी पुढच्या कार्यक्रमात बाबांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. मी पहिल्या रांगेत बसले होते. बाबा माइकवर म्हणाले, "आयुष्यात साबणाचा कण लागू दिला नाही. हे त्याचं फळ आहे." टाळ्या पडल्या. शेजारी आई बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पदरानं कपाळ पुसलं. मला वाटलं उकडत असेल.

समितीच्या अध्यक्षांना मी फोनवर निकाल सांगितले. ते खूश झाले, पण म्हणाले, हे एन्झाइम नेमकं कोणतं ते ओळखून आणा, मग प्रोजेक्टचं पुढचं बघू. म्हणजे सगळं आता त्या एका ओळखीवर अडकलं. बाबांनी आनंदानं काठाची पूर्ण पट्टी कापून दिली. आम्ही तिच्यातून ते प्रथिन धुऊन काढलं, शुद्ध केलं आणि दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या यंत्राकडे पाठवलं. ते यंत्र प्रथिनाचे तुकडे करतं, तुकड्यांची वजनं घेतं आणि हे कोणाच्या घरातलं ते सांगतं.

रिपोर्ट आला तेव्हा मी लॅबच्या बाहेर उभी होते. मोबाइलवर उघडला. एकदा वाचला आणि मला वाटलं आपण चुकीची फाइल उघडली. पुन्हा वाचला. मग मात्र मी तिथल्याच पायरीवर बसले.

जंतू नव्हताच. ते धुण्याच्या पावडरीतलं एन्झाइम होतं.

नुसत्या अंदाजावर म्हणत नाही. या जातीच्या एन्झाइमच्या साखळीत एका ठरावीक जागी जो दुवा असतो, तो ब्लीच लागलं की खराब होतो. म्हणून कारखान्यांसाठी काम करणाऱ्या लोकांनी प्रयोगशाळेत तो दुवा काढून तिथे दुसरा बसवला. त्याच्यासोबत आणखीही काही बदलले. एन्झाइमला दणकट कसं करावं याचं हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात फळ्यावर काढते. दरवर्षी! आणि रिपोर्टात नेमके तेच दुवे बदललेले. हे निसर्गानं केलेलं नव्हतं. पांढरा कोट घातलेल्या कोणा माणसानं केलेलं होतं. मी ज्याला रानातला वाघ समजून नाचून राहिले होते, तो सर्कशीतला निघाला.

मी तशीच उठून आत गेले आणि जो दिसेल त्याच्यावर ओरडत सुटले. काचेची भांडी कोणी धुतली? कशानं धुतली? पावडर कोणी आणली लॅबमध्ये? विद्यार्थिनीनं हळूच लॅबच्या साबणाचा डबा आणून समोर ठेवला. त्यात एन्झाइम नसतं, मीच तो पारखून मागवला होता. मग ती म्हणाली, "मॅडम, बर्तन में होता, तो नए वाले धागे में भी आता ना?"

बरोबर होतं तिचं. नवा धागा त्याच भांड्यात, त्याच पाण्यात होता आणि त्यात काही आलं नव्हतं. म्हणजे पावडर लॅबमधली नव्हती. पावडर सोवळ्यातच होती. आणि सोवळ्याला आयुष्यात साबणाचा कण लागलेला नव्हता. मी गाडीची किल्ली उचलली.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. बाबा मंडळात गेलेले. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लाल भाजी कात्रीनं कापत होती.

"आई, बाबांचं सोवळं तू कशानं धुतेस?"

"पाण्यानं," वर न बघता ती म्हणाली.

"आई."

"पाण्यानंच धुते ना बावा. मशीनमध्येही पाणीच राहते."

"मशीनमध्ये? पावडर टाकून?"

"मंग काय नुसतंच फिरवू? चादरी राहतात, त्यांच्यातच टाकून देते. तुझा तो पांढरा कोटही त्याच्यातच जाते."

माझा कोट! ज्या कोटावर दिवसभर कोंबडीच्या पिसांवरची घाण उडते, तो कोट आणि बाबांचं सोवळं एका मशीनमध्ये गळ्यात गळा घालून फिरत होते, आणि ते नेसून बाबा देवाला पाणी घालत होते! मला हसू येऊन राहिलं होतं की रडू, मलाच समजेना. एवढं मात्र कळलं की माझं प्रोजेक्ट त्या मशीनमध्ये बुडालं.

"काहून पण, आई? काहून केलंस असं?"

तिनं कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला झुकलेली. "पिळवत नाही मले. ओला कोसा किती जड होते, तुले माहीत आहे? बोटं वळतच नाहीत तर पिळू कशानं? न पिळता दोरीवर टाकलं तर टपटप गळे आणि यांच्या पूजेपर्यंत वाळत नसे. मंग हे ओरडत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुले?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. "तुले त्या गावच्या बायांचे हात दिसले. त्यांचे फोटो मीटिंगमधी दाखवते तू. मी रोज तुले डबा भरून देते."

कोणीतरी थोबाडीत दिली असती तरी इतकं झालं नसतं. मी गच्चीवर गेले आणि मशीनजवळचं पावडरीचं पाकीट उचललं. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठमोठे चमकते तारे छापले होते. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, रेशीम आणि लोकर यांसाठी वापरू नये. का वापरू नये हे मला कोणी समजवायला नको होतं. रेशीमही प्रथिन, लोकरही प्रथिन. ते कापड लोण्यासारखं मऊ होत नव्हतं, ते दर आठवड्याला थोडं थोडं खाल्लं जात होतं.

आई मागून जिना चढून आली. धाप लागली होती. "तुझ्या समितीले खरं सांग," ती म्हणाली. "त्यांना काय, ते काही यांच्या पूजेले येऊन नाही राहिले. पण यांना नको सांगू. शाल घेऊन आले ना गं ते. जीव जाईल त्यांचा."

समितीला मी खरंच सांगितलं. एन्झाइम खरं आहे, दणकट आहे, उत्तम आहे, फक्त ते आधीच कोणीतरी बनवून बाजारात विकून राहिलं आहे आणि ते कोशाचा धागाही खातं. एक सदस्य इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत," आणि त्यांचा तो सूर ऐकूनच माझ्या लक्षात आलं. प्रोजेक्ट बंद झालं. विद्यार्थिनीला मी शेजारच्या प्रोजेक्टमध्ये लावून दिलं. तिथे जाताना ती म्हणाली, "मॅडम, बुरा मत मानना, पर मुझे लगा था," आणि मी म्हटलं, बाई, मला काय वाटत होतं ते विचारूच नको.

घरी बाबा रोज विचारायचे, "काय म्हणते तुझी समिती?" मी म्हणायची, "पाहून राहिले." ते समाधानानं मान हलवायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि आईच्या हातांकडे तर त्याहून बघवत नव्हतं. आईला मी डॉक्टरकडे नेलं, बाबांना सांगितलं दातासाठी नेलं. ते म्हणाले, "दात तर ठीकच होते," आणि पेपर उलटला.

मग तो शनिवार आला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. देवघरातून फर्रकन आवाज आला आणि पाठोपाठ बाबांची हाक, तीही अशी की आम्ही हातातलं टाकून धावलो. बाबा पाटासमोर उभे होते. बसताना गुडघ्याचा जोर पडला आणि सोवळं मांडीपासून खालपर्यंत फाटलं होतं. शिवणीवर नाही, मधोमध, जुन्या कागदासारखं.

"हे कसं झालं?" बाबा फाटके काठ दोन्ही हातांत धरून म्हणाले. "साबण नाही, सोडा नाही, इतकं जपलं!" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम भीती आणि अभिमान दोन्ही दिसले. "तुझा जंतू! पोट्टे, त्यानंच खाल्लं ना हे? आता देवघरातही शिरला का तो?"

मी काहीतरी खोटं बोलणारच होते. शब्द तोंडात तयार होते.

"जंतू-बिंतू काही नाही," आई दारातून म्हणाली. "मशीननं खाल्लं."

बाबा आधी हसले. "कोणती मशीन?"

"कपडे धुवायची. पावडर टाकून. मशीन घेतली तेव्हापासून त्याच्यातच धुते मी."

बाबांचं हसू तोंडावरच थिजलं. त्यांनी देवाकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. "म्हणजे मी इतकी वर्षं..." मग त्यांचा आवाज चढला. "बाटवलं तू मले! देवाले बाटवलं! अख्ख्या मंडळासमोर बोललो मी! काहून केलं असं? एका शब्दानं सांगायचं होतं ना मले!"

"सांगितलं होतं," आई म्हणाली.

"केव्हा?"

"मशीन घ्यायच्या आधी. इथंच उभी होती मी. म्हटलं, मले पिळवत नाही, हात दुखतात, एवढं सोवळं तुम्ही पिळून देत जा. तुमची पूजा चालू होती. तुम्ही मंत्र म्हणता म्हणता हातानं असं केलं." तिनं हात उचलून, गप राहा म्हणतो तशी, हवेत खूण करून दाखवली. ती वाकडी बोटं त्या खुणेत नीट उघडली नाहीत. "मंग पूजा झाली. मी वाट पाहिली. तुम्ही चहा घेतला, पेपर घेतला. विचारलंच नाही की काय म्हणत होती ते."

मला हे माहीत नव्हतं. तिनं मलाही हे सांगितलं नव्हतं.

बहुतेक बाबा आठवून बघत होते आणि त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हेच त्यांना सहन होत नव्हतं. मग ते फाटक्या सोवळ्यानिशी दारापर्यंत आले आणि त्यांनी आईचा हात धरला.

"अहो, शिवता काय!" आईनं हात मागे ओढला. "पूजा व्हायची आहे तुमची!"

बाबांनी सोडला नाही. हात उजेडाकडे वळवून त्यांनी एकेक बोट पाहिलं. मग मधलं बोट आपल्या चिमटीत धरून हळूच सरळ करायला गेले. आई कळवळली. बाबांनी दचकून हात सोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, हे सरळ होतच नाही," ते म्हणाले.